आतल्या तळ्याला 'येते' म्हटलं

टेंभुर्णीपासून तासाभराच्या चालीवर ते गाव होतं. माझ्या नवऱ्याची बदली तिथल्या शाळेत झाली आणि मी एक पेटी, दोन वळकट्या आणि पाटा-वरवंटा घेऊन बैलगाडीतून त्या गावात उतरले. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. शाळेची शुक्रवारची सुट्टी जाऊन रविवारची झाली होती, आणि उर्दूतून शिकलेले आमचे मास्तर आता पोरांना मराठीतून गणित शिकवत होते. उत्तर जमलं की 'बिलकुल बराबर!' म्हणायचे आणि पोरं मागं त्यांची नक्कल करायची. त्यांचं नाव मी तेव्हा घेत नव्हते आणि आता कागदावरही घेणार नाही. आमच्या काळच्या बायकांचा हात तिकडे वळतच नाही, त्याला काय करणार.

गाव वाईट नव्हतं. वाईट असतं तर भांडायला तरी मिळालं असतं. मी मूळची बोलकी. माहेरी मला भोंगा म्हणायचे. इथं सकाळी मास्तर शाळेत गेले की संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा तो फक्त मांजराला हाकलायला. बायका शेतात. त्यांना ज्वारी होती, कापूस होता, गुरं होती. मला दोन माणसांचा स्वयंपाक, तोही ऊन चढायच्या आत उरकलेला. गावात मी 'मास्तरीणबाई'. कोणाच्या दारात गेले की बसायला घोंगडी टाकायचे, आणि मी बसले की त्यांचं आपसातलं बोलणं थांबायचं. मानाचा मला इतका वीट आला होता की कोणी चार शिव्या हासडल्या असत्या तरी गोड लागल्या असत्या.

घरी आल्यावर मास्तर तरी बोलतील, तर तेही नाही. याचं कारण सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

त्या गावात येण्याच्या आदल्या वर्षी मला मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. माझं माहेर गोदावरीच्या अंगाला, वडीगोद्रीच्या पुढं. मास्तर बारशाला यायचे होते. मुलगी बारशापर्यंत राहिली नाही. ताप आला, दूध सोडलं, आणि एका दुपारी संपलं. निरोप त्यांना गाठायच्या आत ते मोटारीत बसले होते. वडीगोद्रीला उतरले तर माझा भाऊ उभा. गाडीत बसायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं. घरी आले, पाय धुतले, ओसरीवर बसले. मी बाळंतिणीच्या खोलीत होते, आणि दाराच्या फटीतून मला त्यांचे नुसते पाय दिसत होते. आई सांगत होती, जावयांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ते परत गेले. सव्वा महिन्यानं मला न्यायला आले तेव्हा वाटभर बोलले ते यंदाच्या ज्वारीबद्दल.

मुलीचं नाव ठेवलेलं नव्हतं. नाव नसलेल्या माणसाबद्दल बोलणं फार अवघड असतं. नुसतं 'ती' म्हणायचं, तर कोण ती? तरी मी एकदा प्रयत्न केला होता. भाकरी वाढताना म्हटलं, "तिची नखं फार लांब होती. जन्मतःच." त्यांनी मान खाली घातली, बुक्कीनं कांदा फोडला, आणि तो न खाताच उठले. मग मीही तोंड शिवून टाकलं. माझा राग नाकावर असतो, आणि एकदा धरला की सोडायचं मला जमत नाही.

पण मला एकच पाहिजे होतं. त्यांनी एकदा विचारावं. काहीही विचारावं. रडायची का, रंग कसा होता, डोळे उघडले होते का. तिला पाहिलेली माणसं म्हणजे माझी आई, वडील, भाऊ, सुईण आणि मी. बाकी सगळी तिकडे, गोदाकाठाला. इथं या घरात तिला पाहिलेली मी एकटी होते, आणि बापानं तिला पाहिलेलंच नव्हतं. त्यांनी विचारलं असतं तर ती निदान दोघांची झाली असती. ते विचारत नव्हते. मी वाट पाहत होते, आणि वाट पाहताना मनात म्हणत होते की हा माणूस दगड आहे.

घरमालकीण आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. तिला मी मावशी म्हणायचे. उंच, काळीसावळी, शेतात राबलेली बाई. बोलायला लागली की पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. आडावर पाणी भरताना तिनं मला एकदा सरळ विचारलं होतं, "मास्तरीणबाई, लेकरूबाळ काही हाय का?"

मी "न्हाई" म्हटलं. माहेरची बोली अशा वेळी आपोआप तोंडात येते. म्हटलं आणि पोहरा सोडला आडात. तेवढा एक शब्द बोलून मी माझ्या मुलीला खोटं पाडलं असं मला वाटलं, पण खरं सांगायला लागले असते तर आडावर रडले असते, आणि पाणी भरायला आलेल्या बायकांपुढं रडणं मला मंजूर नव्हतं.

माघाच्या सुरुवातीला मावशी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "उद्या आतल्या तळ्याला जाऊन राह्यलो आम्ही. चला तुम्ही बी. साती आसराची ओटी भरायची. ज्यायला लेकरू न्हाई त्यायला व्हतं, ज्यायचं राहत न्हाई त्यायचं राहतं."

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, सात बहिणी. माझ्या माहेरीही नदीकाठी त्यांचे शेंदूर लावलेले दगड होते, त्यामुळे नवल वाटलं नाही. पण डोंगराच्या पोटात तळं आहे हे मला तेव्हाच कळलं. देवाधर्मात मी कधी फार पुढे नव्हते. मी हो म्हटलं ते वेगळ्याच कारणानं. मला कोणीतरी 'चला' म्हटलं होतं.

सकाळी उन्हं आल्यावर निघालो. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत हिरवे खण, बांगड्या, दहीभात. गावाबाहेर नाला ओलांडला की खडकाळ टेकाड लागतं. त्याच्या पोटाला एक बुटकी कपार आहे, गाईला वाकून जावं लागेल एवढी. वरून पाहणाऱ्याला वाटेल, इथं फार तर साळिंदर राहत असेल. मावशींनी कंदील पेटवला आणि आत शिरल्या. मागोमाग आम्ही, एकीचा पदर धरून दुसरी. वाघळांचा उग्र वास आला, नाकात गेला आणि मग अंगवळणी पडला. पायाखाली आधी माती होती, मग ओला खडक. वाट खाली उतरत होती. डोक्यावरचा दगड एकदम वर गेला आणि माझी पाठ आपोआप सरळ झाली.

पुढं पाणी होतं. काळं नव्हे, कंदिलाच्या उजेडात ते अगदी निवळ दिसत होतं. काठाजवळचे खडे मोजता आले असते. पण दोन हात पुढं गेलं की उजेड संपायचा आणि पाणी मात्र चालूच राहायचं. पलीकडचा काठ कुठं आहे हे त्या गावात कोणालाच माहीत नव्हतं. वारा नाही, लाट नाही. वरून कुठंतरी थेंब पडायचा, आणि त्याचा आवाज पडल्यावर बराच वेळ आत हिंडत राहायचा. पाण्यात हात घातला तर मनगटापर्यंत कळ गेली इतकं गार.

काठावर सात दगड मांडलेले होते. बायकांनी शेंदूर लावला, खण ठेवले, पणत्या लावल्या. बोलणं कोणीच करत नव्हतं. एरवी आडावर कालवा करणाऱ्या या बायका तिथं कुजबुजतही नव्हत्या. मावशींनी माझ्या हातात खण आणि नारळ दिला. मी ते दगडांपुढं ठेवले, वाकले, आणि मागायचं म्हणून काय मागावं ते मला सुचेना. दुसरं मूल मागायला मन तयार नव्हतं. पहिलीचं अजून काही मिटलेलं नव्हतं. तशीच हात जोडून बसले. खरं सांगते, त्या गावात आल्यापासून मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं. सगळ्याच गप्प असल्या की आपल्या गप्प बसण्याचं ओझं होत नाही.

उठताना एकेक बाई पाण्याला वाकून काहीतरी पुटपुटत होती आणि पाठ फिरवून निघत होती. माझी पाळी आली. मी वाकले आणि कोणाच्याही घरून निघताना आपण म्हणतो तसं म्हटलं, "येते हं."

थोडं मोठ्यानं म्हटलं असणार, कारण ते सबंध गुहेत फिरलं. येते, येते, ते, ते, असं पार पलीकडे जाऊन परत आलं. पुढं गेलेल्या बायका जागच्या जागी थिजल्या. मावशींनी कंदील वर धरून माझं तोंड पाहिलं.

"काय बोल्लीस गं माय हे!"

पहिल्यांदाच त्यांनी मला तू म्हटलं होतं. मी भाबडी, मला आधी त्याचाच आनंद झाला.

बाहेर उन्हात आल्यावर कळलं. जगात सगळीकडे निघताना 'येते' म्हणायचं, 'जाते' हे अभद्र. त्या एका जागी उलटं. आतल्या तळ्याला 'जाते माय' म्हणायचं आणि मागं वळून पाहायचं नाही. 'येते' म्हटलं की आसरा शब्द धरून ठेवतात. कबूल केलंस तर ये, म्हणतात, आणि मग कुठल्याही पाण्यातून हाक मारतात. आडातून, नाल्यातून, घरच्या रांजणातूनसुद्धा. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचा तरी काय दोष? आगीत हात घालू नये हे पाहुणीला कोण सांगत बसतं? त्या गावच्या पोरींना ते पाळण्यापासून ठाऊक असायचं, आणि लग्न होऊन आलेल्या सुनेला सासू पहिल्याच वर्षी शिकवायची. मला तिथं सासू नव्हती.

मी हसून सोडून दिलं. पण बांधावरून घरी येताना माझे पाय जड झाले. मी आतमध्ये ते शब्द कोणाला म्हटले होते? सवयीनं तोंडातून गेले हे खरं. पण माझ्या मुलीला वडील आणि भाऊ पुरायला घेऊन गेले तेव्हा बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो म्हणून मी आतच होते. तिला कोणी काही म्हणालं की नाही मला माहीत नाही. मला म्हणायला मिळालं नव्हतं. त्या पाण्यापाशी वाकले तेव्हा तोंडातून निघालं ते तिच्यासाठीच राहून गेलेलं होतं, असं मला वाटायला लागलं, आणि एकदा वाटलं ते वाटलंच.

दुसऱ्या दिवशी आडावर गेले. मी कठड्याशी पोचायच्या आत मावशींच्या सुनेनं माझा पदर घट्ट धरला. "तुम्ही सरा मागं. मी शेंदून देते." मी म्हटलं, मला येतं शेंदता. ती म्हणाली, "येते म्हनलात म्हनूनच तर." तिच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. खरोखरच घाबरली होती ती पोर माझ्यासाठी.

चार दिवस असंच चाललं. मी आडाकडे वळले की पाणी भरणाऱ्या बायकांची धांदल उडायची. एक पदर धरायची, दुसरी माझी घागर ओढून घ्यायची. मग त्यांनी आपसात ठरवलं आणि सकाळी माझ्या दारात भरलेल्या दोन घागरी येऊ लागल्या. रोज वेगळ्या बाईची पाळी. आडाकडे यायचं कामच नको. धुणंही मावशींची सून नाल्यावर घेऊन जायची. मी नको म्हटलं, भांडले, एकदा घागर उंबऱ्यावरच ओतून दिली. त्यांनी दुसरी आणून ठेवली.

त्यांचं मन सोन्यासारखं होतं. पण बाईमाणसाला त्या गावात दुसऱ्या बाईशी चार शब्द बोलायची जागा म्हणजे आड आणि नाला, आणि त्या दोन्ही जागा त्यांनी मायेपोटी माझ्याकडून काढून घेतल्या. त्या चार शब्दांसाठी मी सबंध दिवस काढायचे, ते गेलं. आता मी घरात, दोन भरलेल्या घागरी घरात, आणि मांजर. पाऊस झाला, ज्वारी पोटरीत आली, कापूस वेचला गेला, सगळं मी दारातून पाहिलं. एखाद्या दुपारी माझाच आवाज ऐकायला म्हणून मी पाढे म्हणायचे. एकोणतीसच्या पाढ्यात अडकायचे आणि मग आपल्यावरच चिडायचे.

मास्तरांना हे कळलं ते शाळेतून. पोरांनी वर्गात विचारलं म्हणे, तुमच्या बाईला आसरा कधी नेणार. घरी आले ते रागानं लाल होऊन, पण राग कुणावर काढावा हे त्यांना समजेना.

"तळ्याला काय बोल्लीस तू?"

"येते म्हटलं."

"मंग? येतेच म्हणतेत सगळे."

मी सगळं सांगितलं. घागरींचं, पदराचं, सगळं. कित्येक महिन्यांत आमचं एवढं लांब बोलणं झालं नव्हतं. ते चूळ भरता भरता थांबून ऐकत होते.

"मी शाळेत पोरांना सांगतो, भुतंखेतं काही नसतं. आन् माझ्याच घरात पाणी लोक भरून राह्यले," ते म्हणाले. "जाऊन म्हणून ये ना मंग 'जाते', का काय ते. मिटवून टाक."

"एकटीनं चालत नाही. मावशी म्हणाल्या, घरचं माणूस पाहिजे. हाताला धरून उभं राहणारं."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथं माझं?"

हे मी जरा तोडूनच म्हटलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला, पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "बघू." त्यांचं 'बघू' मला ठाऊक होतं. ज्या गोष्टी बघायच्या नसतात त्यांनाच ते 'बघू' म्हणायचे.

पुन्हा माघ आला. बायका टोपल्या घेऊन निघाल्या तेव्हा माझ्या दारावरूनच गेल्या. मावशी थांबल्या, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि पुढं गेल्या. मला 'चल' म्हणायची त्यांची हिंमत नव्हती, आणि 'मी येऊ का' म्हणायची माझी. मी उंबऱ्यावर बसून त्यांना नाल्यापर्यंत जाताना पाहत राहिले. किती वेळ बसले कोण जाणे. मास्तर दुपारच्या सुट्टीत जेवायला आले तर चूल थंड, मी उंबऱ्यावर, आणि बाजूला त्या दोन घागरी. ते माझ्याकडे पाहत उभे राहिले. मी उठले नाही. मला उठता येत नव्हतं.

"रविवारी जाऊ," ते म्हणाले.

रविवारी ते कोट घालून निघाले. टेकाडावर कोट कशाला, मी म्हटलं नाही, पण ओठ चावला. गावातून जाताना लोक ओट्यावरून पाहत होते आणि मास्तर ताठ मानेनं, हातात कंदील भरदिवसा लटकवून चालले होते. कपारीपाशी वाकायला विसरले आणि डोकं आपटलं. "बिलकुल बराबर," मी हळूच म्हटलं. त्यांना हसू आलं. ते हसू मी फार दिवसांनी पाहिलं होतं.

आत वाट उतरताना त्यांनी माझा हात धरला. लग्नात भटजींनी धरायला लावला होता, त्यानंतर असा चालता चालता धरलेला हा पहिलाच. त्यांचा तळवा घामेजलेला होता. तळ्याशी आलो. बायकांच्या पणत्या विझून तिथंच पडल्या होत्या, खण ओलसर झाले होते. पाणी तसंच, निवळ आणि न हलणारं. मास्तरांनी कंदील वर धरून पलीकडचा काठ शोधला. नाही दिसला.

"केवढं आहे!" ते म्हणाले, आणि 'आहे आहे' असा आवाज आत फिरून आल्यावर एकदम दबकले.

मी पाण्याशी वाकले. 'जाते माय' एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं आणि दोन अक्षरं. म्हटलं की मी सुटले असते, उद्यापासून आडावर गेले असते, आणि चार बायकांत चार शब्द बोलले असते. तोंड उघडलं आणि ते येईना. इतके दिवस मी ठरवून ठेवलं होतं की मी तिला 'येते' म्हटलं आहे. आता 'जाते' कसं म्हणू? मी निघून गेले तर तिच्यापाशी कोण राहील? डोळे भरून आले आणि कंदील दोन-दोन दिसायला लागले.

"म्हण ना," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"काय झालं?"

"नाही म्हणवत."

का नाही, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता, तो तेवढा घट्ट झाला. आम्ही तसेच उभे होतो आणि कंदील फडफडला. निघताना हलवून पाहून म्हणाले होते, रॉकेल भरपूर आहे. गणिताचे मास्तर! ज्योत एकदा निळी झाली, लाल झाली आणि गेली.

तसा अंधार मी आयुष्यात पाहिला नाही. डोळे उघडे की मिटलेले तेही कळेना. वर थेंब पडला. त्यांनी कंदील खाली ठेवल्याचा आवाज झाला. खिशात काडेपेटी खुळखुळली, पण काडी ओढली गेली नाही. मी वाट पाहिली. त्यांचा श्वास ऐकू येत होता, धावत आल्यासारखा.

"कुणावर गेली होती?"

मला फक्त 'गेली' ऐकू आलं. मग कळलं की ते काय विचारत होते. कुणावर गेली होती. तोंडावळा कुणाचा होता, त्यांचा की माझा. पाळण्यात पाहिल्यावर सगळे जे पहिल्यांदा विचारतात ते.

दोन वर्षं मी या एका प्रश्नासाठी बसले होते. उत्तरं तयार होती माझ्याकडे, ढीगभर. मी तिचं तोंड आठवायला गेले आणि ते येईना. त्या अंधारात मी डोळे ताणून शोधलं. नखं आठवली. टाळूवरचं धडधडणं आठवलं. तोंड नाही. रोज उगाळून उगाळून मी ते पुसून टाकलं होतं की काय कोण जाणे. मला हंबरडा फोडावासा वाटला.

"मला आठवत नाही हो," मी म्हटलं. "तोंड आठवत नाही."

ते माझा हात सोडतील असं मला वाटलं. सोडला नाही. मग मीच त्यांचे दोन्ही हात चाचपून घेतले, कोपरांत दुमडले, तळवे वर केले. डावा वर सरकवला, जिथं डोकं यायचं. उजवा खाली, जिथं पाय यायचे. माझ्या हातांना ते अंतर पक्कं ठाऊक होतं, एका बोटाचाही फरक नाही.

"एवढी होती," मी म्हटलं.

अंधारात ते हात तसेच धरून उभे राहिले. मी त्यांच्या दंडाला हात लावून पाहिला. हात जिथं ठेवले होते तिथंच होते. कोटाच्या बाहीवर काहीतरी ऊन ऊन पडलं. वरून पडणारं पाणी तर गार होतं. पुन्हा पुन्हा पडत राहिलं. मी बाही पुसली नाही. बराच वेळ गेला. माझे पाय ओल्या खडकावर बधिर झाले होते.

"निघायचं का?" मी विचारलं. "काडी ओढू?"

"थांब जरा," ते म्हणाले. "हात हलतील."